वेबलीची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी शंतनूने गॅरेजमधली तिजोरी उघडली, शंभर वर्षांपूर्वीचं वेबली रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, ते रिकामं असल्याची तीनदा खात्री केली आणि सासऱ्यांच्या आग्रहावरून पाटावर मिक्सर आणि लॅपटॉपच्या मधोमध ठेवलं.

शंतनू अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. अमेरिकन नागरिक झाल्यावर लोक बोट घेतात. त्याने पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश फौजेचं रिव्हॉल्व्हर घेतलं. वजन किलोभर, गोळी अंगठ्याएवढी जाड, आणि गोळ्या भरायला ते अडकित्त्यासारखं मधून उघडतं. त्याची बायको हिमानी त्याला ‘माझी सवत’ म्हणते.

अशा जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरवाल्यांचा तिकडे एक क्लब आहे. सभासद अकरा, सरासरी वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यात शिरायला शंतनू दोन वर्षं धडपडत होता. रेंजवर सगळ्यांसमोर सहा गोळ्या झाडायच्या आणि मग मतदान. एक जरी मत विरोधात गेलं, तर पुढची तीन वर्षं अर्ज करता येत नाही. शंतनूची परीक्षा दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला होती.

“यंत्र कोरडं दिसते, जावईबापू,” मनोहरराव पाटावर वाकून म्हणाले. ते नागपूरच्या एसटी वर्कशॉपचे निवृत्त फोरमन. मुलीने ग्रीन कार्डावर त्यांना कायमचं बोलावून घेतल्यापासून त्यांनी डिशवॉशर दोनदा खोलला होता.

“बाबा, मी ऑइल केलंय त्याला. माझा आता कॉल आहे, वीस मिनिटांत येतो. तुम्ही फक्त हळदकुंकू वाहा, प्लीज.”

“जा तुम्ही. चाळीस वर्षं लेथमशीनची पूजा केली मी.”

कॉल पन्नास मिनिटं चालला. शंतनू परत आला तेव्हा रिव्हॉल्व्हर नव्या नवरीसारखं चमकत होतं. कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, पाच अक्षता. त्याला भरून आलं. त्याने फूल बाजूला ठेवलं आणि रिव्हॉल्व्हर जसंच्या तसं गुंडाळून तिजोरीत ठेवलं. कुंकू लगेच पुसू नये, असं मनोहररावांचं म्हणणं पडलं.

दसऱ्याला पहाटेच गवतावर हिमकण पडले होते. “सीमोल्लंघन करायचंच आहे तर मी पण येतो,” म्हणत मनोहरराव कानटोपी घालून गाडीत बसले. पाऊण तासाने रेंज आली. रिव्हॉल्व्हरची पेटी नियमाप्रमाणे मागे डिकीत गारठत आली.

अकराही म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. क्लबचा अध्यक्ष अर्ल याने खूण केली. शंतनूने गोळ्या भरल्या, नेम धरला आणि चाप ओढला. चाप हलला नाही. त्याने दोन बोटं लावली. चाप हलला नाही. शेवटी त्याने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि हात वर करून उभा राहिला, कारण नियम तसाच होता.

अर्लने गोळ्या काढून घेतल्या आणि चापाच्या फटीत डोकावून पाहिलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट काहीतरी भरलं होतं. त्याने वास घेतला.

“हे सनटॅन लोशन आहे?” त्याने इंग्रजीत विचारलं.

शंतनूला वास आला आणि सगळं कळलं. खोबरेल. सासऱ्यांनी ओतलं तेव्हा देवाच्या समईजवळ ते पातळ होतं. रात्रभर गॅरेजमध्ये आणि पाऊण तास डिकीत राहून त्याची मेणबत्ती झाली होती.

“आणि हा गंज!” क्लबच्या सेक्रेटरी डोरोथी किंचाळल्या. त्यांनी कुंकवावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. मग रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या फटीतून तांदळाचा एक दाणा पडला, आणि अकराही जण त्याच्याकडे बघत राहिले.

“हे कोणी केलं?” अर्लने विचारलं.

शंतनूने मागे पाहिलं. कानटोपीतले सासरे सणाच्या दिवशी परक्या लोकांत अंग चोरून उभे होते.

“मी,” शंतनू म्हणाला.

मनोहरराव पुढे आले. “गाडीची चावी द्या.”

“बाबा, राहू द्या ना.”

“चावी द्या म्हणतो! मशीन बिघडलं तर फोरमन घरी जात नसते.”

त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर अर्लच्या परवानगीने गाडीतल्या हीटरच्या झरोक्यासमोर धरलं आणि हीटर पूर्ण सोडला. अकरा म्हातारे गाडीभोवती गोळा झाले. दहा मिनिटांत तेल टपटपायला लागलं. मनोहररावांनी रुमालाने एकेक फट पुसली, कान लावून आवाज ऐकला, एक स्क्रू ढिला असल्याचं सांगितलं आणि तो घट्टही केला. तो स्क्रू सहा महिने शंतनूला सापडला नव्हता.

“तुम्ही मशीनची पूजा करता?” डोरोथींनी विचारलं.

“एव्हरी इयर,” मनोहरराव म्हणाले. “फर्स्ट मशीन, देन लंच.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. क्लबचा मेकॅनिक गेल्या हिवाळ्यात वारला होता आणि ती जागा भरायचा अधिकार एकट्या अध्यक्षांना होता. अर्लने तिथल्या तिथे ती मनोहररावांना देऊन टाकली. सभासदत्वासकट.

मग शंतनूने सहा गोळ्या झाडल्या. पाच निशाणावर लागल्या. रेंजभर करंज्या तळल्याचा वास पसरला. मतदान झालं. बारा चिठ्ठ्या. अर्लने अकरा वेळा ‘येस’ वाचलं आणि बाराव्या वेळी चष्मा पुसून ‘नो’ वाचलं.

“ती माझी,” मनोहररावांनी हात वर केला.

परतताना शंतनूने विसाव्या मैलावर हीटर बंद केला.

“बाबा, तुम्ही?” तो म्हणाला. “यार, मी तुम्हाला वाचवायला खोटं बोललो!”

“म्हणूनच तर! तेल मी घातलं, अन् नाव सांगता तुम्ही स्वतःचं. दुसऱ्याच्या कामावर सही केली की आमच्या वर्कशॉपात माणूस सस्पेंड व्हायचा. माझा सख्खा भाऊ केला होता मी सस्पेंड.”

शंतनूने स्टिअरिंग घट्ट धरलं. मनोहररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तोंड काहून पाडता? तीन वर्षांनी टाका अर्ज. मी शब्द टाकून ठेवतो,” ते म्हणाले. “आपली ओळख आहे तिथं.”