टॅम्पिनीस मुक्कामी नळाच्या पाण्यावर केलेल्या स्वारीचा करीना

परमुलखातल्या टॅम्पिनीस वस्तीत, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर जी मोहीम जाहली, तिची हकीकत काही जाणत्या मंडळींनी पुसली, म्हणून ती जशी घडली तशी लिहितो. पदरचे काही घातले नाही. फौज थोडी होती आणि शत्रू घरच्याच नळातून येत होता, हे आधी ध्यानी असावे.

राजश्री प्रबोधपंत हे बँकेतले नोकर. त्यांचे कुटुंब मेधाबाईसाहेब तुआसच्या कारखान्यात रसायनांच्या तपासनीस होत्या, आणि घरी दर दोन महिन्यांनी वीस लिटर बिअर करीत, आणि तिची कीर्ती त्याच शहरातल्या पुंगोल पेठेपर्यंत होती. पंतांकडे बाटल्या विसळण्याची मनसब होती. शिवाय आल्यागेल्यास ते छातीवर हात ठेवून सांगत की, आमची बिअर घरची, तीत केमिकलचा थेंब नाही. मग गेल्या श्रावणात बाईसाहेब कैलासवासी जाहल्या आणि घरातली सर्व कामे पंतांच्या अंगावर आली, आणि त्यांस एकही येत नव्हते.

फ्रीझरात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या वाळल्या फुलांची, तीन पाकिटे राहिली होती. कोणती फुले किती मिसळली, हे बाईसाहेबांनी कोठे लिहून ठेविले नव्हते. तीन पाकिटे म्हणजे तीन वेळा बिअर. तेवढ्यात त्यांची चव हाती लागली तर लागली, नाही तर गेली, ऐसा मामला होता.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन बिअरला बाधते, इतके पंतांस ठाऊक होते. म्हणून पहिल्या स्वारीस त्यांनी वीस लिटर पाणी उकळविले आणि निवविले आणि बिअर घातली. चार आठवड्यांनी कन्या इराबाई, ज्या विद्यापीठात शिकतात, त्यांनी एक घोट घेऊन तेथल्या बोलीत फर्माविले, "बाबा, कॅनॉट लाह, नाही चालणार. जखमेवरचं चिकट प्लास्टर चाटल्यासारखी लागते." मग तो सर्व माल सिंकमार्गे रवाना जाहला.

दुसऱ्या स्वारीस पंतांनी सांगलीचे बाळपण आठविले. लिटल इंडियातून तुरटी आणविली, तांब्याचा हंडा भरला, तुरटी अकरा वेळा फिरविली, तोंडास मलमल बांधली, आणि दोन दिवस हंड्यापाशी पहारा दिला. पाणी काचेसारखे जाहले. बिअर पुन्हा प्लास्टरसारखी जाहली. इराबाई म्हणाल्या, "आईची अशी नव्हती," आणि आपल्या खोलीत गेल्या.

आता एक पाकीट उरले. मग पंतांनी गर्व बाजूस ठेवून पुंगोलास खलिता, म्हणजे व्हॉट्सॲप, पाठविला. तेथे रुचिर राहत. ते बाईसाहेबांचे तुआसचे सहकारी आणि बिअरच्या विद्येतले शागीर्द. ते शनिवारी गाड्या बदलीत आले, हंडा पाहिला, तुरटी पाहिली, आणि हसू आवरेना म्हणून जमिनीवरच बसले.

"काका, तुरटीने गाळ बसतो. क्लोरामाइन नाही बसत."

"ते आणि कोण?"

"क्लोरीनची अमोनियाशी गाठ मारली की होतं ते. इथल्या पाण्यात तेच असतं. तुमच्या उकळण्याला ते दाद देत नाही. ही गोळी घ्या, मेटाबायसल्फाइटची. ती त्याला मोडते. पाव गोळी पुरे."

"केमिकल?" पंत गरजले. "मेधाने नऊ वर्षांत कधी..."

"बिअर करायच्या दिवशी ताई तुम्हाला खाली कॉफीच्या दुकानात कोपी आणायला पाठवायच्या ना?"

"पाठवायची. रांग असते, वीस मिनिटं लागायची."

"त्यांना गोळी कुटायला दोन लागायची."

पंत खुर्चीत बसले. आपण पाहुण्यांसमोर फुशारकी मारीत होतो, तेव्हा शेजारी बसून बाईसाहेब गंभीरपणे मान डोलवीत होत्या, हे त्यांस आठवले. आधी राग आला, आणि मग इतके हसू आले की डोळे पुसावे लागले, आणि ते पुसणे बराच वेळ चालले. इराबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकविला.

मग हुकूम सुटला की, गोळी पंतांनी स्वहस्ते कुटावी. गोळीचे चार भाग केले, एक भाग खलबत्त्यात घातला, पूड वीस लिटर पाण्यात टाकून पळीने ढवळली, आणि दोन स्वाऱ्यांत जे साधले नाही ते पाच मिनिटांत साधले. मग शेवटले पाकीट फोडले.

चार आठवड्यांनी बाटली उघडली. इराबाईंनी एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि ग्लास खाली ठेविलाच नाही. म्हणाल्या, "आईचीच आहे." मग पंत प्याले.

सबब दप्तरी नोंद केली जाते की, क्लोरामाइन पाव गोळीने गारद जाहले आणि फत्ते जाहली. आमचेकडील जखमी: पंतांचा अंगठा, बत्त्याखाली. बाटल्या अडतीस हाती आल्या, पैकी सदतीस फस्त जाहल्या. अडतिसावी फ्रिजमध्ये मागच्या बाजूस आहे. ती कधी उघडावी याची मसलत बापलेकीत चार महिने चालू आहे, आणि रोज कोणी ना कोणी नवी हरकत काढतो.