खोब्रागडे काकांनी दिलेलं पान

खोब्रागडे काका कोणाच्याही घरी गेले की आधी खिडकीकडे पाहतात, मग माणसांकडे. खिडकीत जाड, गुबगुबीत पानांचं एखादं झाड दिसलं की घरच्यांची तब्येत विचारायची राहून जाते. निघताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या डबीत एक पान असतंच. "तोडलं नाई बरं, पडलेलं उचललं," हे ते स्वतःहून सांगतात. पान पडायच्या आधी त्यांचं कोपर कुंडीला लागलेलं असतं, हे मात्र सांगत नाहीत.

बदली होऊन मी तेलंगणातल्या आदिलाबादला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. गुडीहत्नूरच्या शाळेत नोकरी, रोज बसने जाणं-येणं. काका तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. खाली ते एकटेच. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून बेल्लमपल्लीला गेल्या होत्या. ते बाळ आता शाळेत जातं.

काकांच्या व्हरांड्यात दह्याचे रिकामे डबे, फुटके मग, कान तुटलेल्या चहाच्या कपांच्या फौजा. प्रत्येकात एकेक पान, मातीवर नुसतं टेकवलेलं. एखादं पान महिनाभर ढिम्म राहिलं तर काका त्याला फेकत नाहीत. "तारीख वाढली," एवढंच म्हणतात. मूळ फुटलं की "मंजूर!"

त्यांचा एकच शत्रू, पाणी. शेजारच्या लक्ष्मीअम्मांनी एकदा मायेपोटी सगळ्या डब्यांत तांब्याभर पाणी घातलं. काका तीन भाषांत ओरडत बाहेर आले, "पाणी नाई! पानी नक्को! नीळ्ळू वद्दू!" लक्ष्मीअम्मा तांब्या तिथेच टाकून पळाल्या. दुसऱ्या दिवशी काका स्वतः तो घासून त्यांच्या दारात ठेवून आले.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक पान दिलं.

"हे घ्या मॅडम. बुडापासून अख्खं निघालं हाये, तुटलेलं असतं तं कामाचं नसतं. चार दिवस सावलीत नुसतं पडू द्या. जखम सुकली का मंग रेतीमातीवर ठेवा. पुरू नका. पाणी, माती कोरडी झाल्यावर, थेंब थेंब."

"आणि मग?"

"मंग काई नाई. आपण आपलं काम करावं. अन् पंधरा दिवसांनंतर दर रविवारी खाली आणून दाखवा."

मी चार दिवस काढले कसेबसे. पाचव्या दिवशी पान मातीवर ठेवलं आणि आदिलाबादचं ऊन पाहून मला त्याची दया आली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. आठवड्यात ते पान उकडल्यासारखं पिवळं, पारदर्शक झालं आणि बोट लावताच बसलं.

काकांची रविवारची तपासणी दोन दिवसांवर. मी शाळा तपासनिसाला कधी घाबरले नाही, पण काकांना घाबरले. शाळेतून येताना हमरस्त्यावरच्या नर्सरीपाशी बसमधून उतरले, त्यातल्या त्यात लहान रोप विकत घेतलं, डब्यात लावलं आणि रविवारी निरागस चेहऱ्याने खाली गेले.

काकांनी चष्मा लावला. डबा गोल फिरवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा डबा पाहिला.

"बरं चालू हाये," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी आणा."

मग दर रविवार तसाच. डबा दाखवायचा, चहा प्यायचा. काका कचेरीतल्या गोष्टी सांगत, नातीने फोनवर म्हटलेली तेलुगू कविता मला म्हणून दाखवत, आणि अर्थ मीच त्यांना विचारावा म्हणून थांबत. तासभर कसा जाई कळत नसे.

एका रविवारी लक्ष्मीअम्मा तिथे आल्या. माझं रोप पाहून त्यांनी मला हिंदीत विचारलं, "एक पत्ते से इतना बड़ा? मुझे भी सिखाओ ना." मी काकांकडे पाहिलं. काका गंभीरपणे म्हणाले, "हां हां, मॅडम सिखाएंगे." मला काहीबाही थापा मारताना घाम फुटला.

त्या गेल्यावर मला राहवलं नाही. "काका, मी खोटं बोलले. तुमचं पान सडलं. हे मी विकत आणलंय."

"मालूम हाये."

"कधीपासून?"

"पहिल्याच रविवारपासून. मॅडम, मी तुमाले जेड नावाच्या झुडपाचं पान देल्लं होतं. तुमी आणलं कमळावाणी दिसणारं झाड. जातच येगळी."

मला हसावं की जमिनीत जावं कळेना. "मग बोलला का नाहीत?"

काका डब्याच्या कडेची माती बोटाने पुसत राहिले.

"बोललो असतो तं तुमी लाजल्या असत्या," ते म्हणाले. "अन् मंग रविवारी काऊन आल्या असत्या खाली?"

काका उठले आणि चहा ठेवायला आत गेले. मीही मागोमाग गेले. ओट्यावर दोन कप केव्हाचे धुऊन, पुसून मांडून ठेवलेले होते.