बुटक्या कूलरची फाईल

तुम्ही चोर नाही, हे आम्हाला मान्य आहे. चोर निदान घर तरी बघून येतो. तुम्ही जळकोट तालुक्यातल्या बासष्ट बायांच्या घरी संगणक पाठवले आणि त्यातलं एकही घर पाहिलं नाही. पत्र्याचं आहे की स्लॅबचं, एप्रिलात आत किती तापतं, काही म्हणजे काही विचारलं नाही. आदेशाखाली सही तुमची आहे. ती वाचता येत नाही, म्हणून इथं नाव लिहिता येत नाही. नाहीतर लिहिलंच असतं.

योजनेचं नाव ‘घरबसल्या अभिलेख’. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांची पानं बायांनी घरी बसून संगणकावर उतरवायची. संगणक घरात जागा अडवू नये म्हणून तो मिठाईच्या डब्याएवढा केलेला. पंचशीला सोनकांबळेला तो डबा मिळाला तेव्हा तिने आठ वर्षांची पुण्यातली नोकरी सोडली, सामान टेम्पोत घातलं आणि जळकोटला आईजवळ येऊन राहिली. आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं जे दिसायचं ते तिला आवडत नव्हतं. लेक घरात पाहिजे होती.

योजनेच्या नियमावलीत काम किती केलं याची मोजणी नव्हती. मोजायचे ते खंड. चालू यंत्र मध्येच बंद पडलं की एक खंड, आणि वीस खंड झाले की यादीतून नाव कमी. पंचशीलाचं यंत्र रोज अकराला तापून बंद पडायचं. नऊ खंड झाल्यावर तिने डबा पिशवीत घातला आणि नांदेडची बस धरली.

नांदेडला उमाशंकरचं संगणक दुरुस्तीचं दुकान. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उलटं करून बाजूला ठेवलं आणि आत बघून हसायलाच लागला.

“ताई, प्रोसेसर म्हणजे यंत्राचं डोकं. त्याच्यावर पंखा अन् जाळी बसती, त्याला कूलर म्हणतात. हे जे बसवलंय ते कूलर न्हाई. हे कुंकवाच्या डबीचं झाकण हाय.”

“मग मोठं बसवा की, दादा.”

“कुठं बसवू? तुमच्या डोक्यावर?” त्याने पट्टी लावली. “प्रोसेसरपासून झाकणापर्यंत एक्केचाळीस मिलिमीटर जागा हाय. माझ्याकडं तीन कूलर हायत. पासष्टचा लई जबर, पण झाकणच लागायचं न्हाई. सत्तेचाळीसचा सहा मिलिमीटर वर येतो. हा सदतीसचा बुटका घ्या. तांब्याचा तळ, पातळ पंखा. झाकणाच्या छिद्रांतून हवा ओढतो अन् खाली फेकतो. दहा मिनिटांचं काम.”

दहा मिनिटांचं काम होतं म्हणूनच ते झालं नाही. यंत्राचा भाग बदलायचा तर लातूरच्या कार्यालयाचा लेखी आदेश लागत होता.

लातूरला अधीक्षक शेषेराव अंबुलगेकर बसायचे. त्यांनी अर्ज वाचला, मागची बाजू कोरी आहे याची खात्री करून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“बासष्ट बाया हायत. एकीची तकरार न्हाई. तुम्हा लोकांना लगेच अर्ज सुचतो.”

“लिहिता येतंय ना साहेब, म्हणून,” पंचशीला म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. ही फाईल आता लवकर हलणार नाही, हे त्या चष्म्यावरून कळत होतं.

समिती नेमली गेली. ‘अल्पोन्नत शीतकरण उपकरण निवड समिती’, म्हणजे बुटका कूलर निवडायची समिती. अध्यक्ष शेषेराव. तांत्रिक सदस्य म्हणून भागवत, कारण कार्यालयातला प्रिंटर अडकला की त्याला चापट मारायचं काम तोच करायचा. पहिल्या बैठकीत उमाशंकरच्या तिन्ही कूलरांची माहिती टेबलावर आली.

“सदतीस, सत्तेचाळीस, पासष्ट,” शेषेरावांनी वाचलं. “अन् बाई सदतीसचा मागायल्यात. सगळ्यात कमी! उद्या पेपरवाला विचारील, शासनानं बायांना कमीतला माल का दिला? कोण जिम्मेदार?”

“डब्यात तेवढाच बसतो, साहेब,” बैठकीला बोलावलेली पंचशीला म्हणाली.

“डब्याचा विषय आजच्या बैठकीत न्हाई.”

ठराव झाला: लाभार्थी महिलांच्या सन्मानास बाधा येऊ नये म्हणून सर्वाधिक उंचीचे उपकरण मंजूर करण्यात येत आहे. पासष्टचा कूलर आला आणि पंचशीलाला यंत्र घेऊन लातूरच्या कार्यालयात बोलावलं. भागवतने तो स्वतः बसवला आणि झाकण वर ठेवलं. चुलीवर उकळी आलेल्या भांड्याचं झाकण जसं तिरपं बसतं, तसं ते बसलं. पंचशीलाने यंत्र चालू केलं. दिवसभर चाललं. एकदाही बंद पडलं नाही.

तिला वाटलं, सुटले.

पण भागवतचं लक्ष झाकणाकडे होतं. झाकणावर माननीय मंत्र्यांचा रंगीत फोटो चिकटवलेला होता, हात जोडलेला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. झाकण तिरपं म्हणून माननीयही तिरपे.

“माननीय कलते दिसतात, साहेब,” भागवत शेषेरावांना हळूच म्हणाला.

“किती?”

“पंधरा अंश तरी असतील. अन् ते बी डावीकडं.”

दुसरी बैठक त्याच संध्याकाळी झाली. यंत्र चालतं का, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. माननीय सरळ दिसले पाहिजेत, हा एकच विषय होता, आणि त्यासाठी सदतीसचा कूलर एकमताने मंजूर झाला. पंचशीलाने जे पहिल्या दिवशी मागितलं होतं ते तिला दोन महिन्यांनी मिळालं. दरम्यान खंड पडू नये म्हणून ती रोज पावणेअकराला स्वतःच यंत्र बंद करून बसायची.

सदतीसचा बसला. झाकण चपखल लागलं. माननीय सरळ झाले. यंत्र साडेअकराला बंद पडलं.

कार्यालयाने ‘कार्यक्षमतेत अर्ध्या तासाची वाढ’ अशी नोंद करून जिल्ह्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. आता यंत्र रोज वेगळ्या वेळी बंद पडायचं, ते आधीच बंद करणं जमेना, आणि पंचशीलाचे खंड वाढत चालले. दहा, अकरा, बारा. सतरा झाल्यावर तिने उमाशंकरला फोन केला. तो उदगीरला कुणाच्या साखरपुड्याला आलेला, तिथून तसाच इस्त्रीच्या कपड्यांत जळकोटला आला. यंत्र चालू करून त्याने झाकणावर हात ठेवला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

“ताई, मी गाढव हाय. झाकणाला छिद्रं हायत, आतून मोजली बी होती मी. पण वरून हा फोटो चिकटलाय त्याच्यावर! सदतीसचा कूलर हवा कुठून ओढील? त्याच्या नाकावर माणूस हात जोडून बसलाय.”

“तुम्हाला नांदेडलाच कसं दिसलं न्हाई?”

“हा फोटो कुठं न्हाई ते सांगा. दवाखान्याच्या कागदावर हाय, खताच्या पोत्यावर हाय. आता तो दिसतच न्हाई माणसाला.”

फोटोला भोकं पाडायची परवानगी मागायला ती पुन्हा लातूरला गेली. शेषेरावांनी दार लावून घेतलं. भागवतने झाकणाचा नकाशा काढला. छिद्रांच्या चार ओळी. पहिली ओळ माननीयांच्या टोपीतून जात होती, त्याला कुणाची हरकत नव्हती. दुसरी दोन्ही डोळ्यांतून जात होती. तिसरी तोंडातून.

“डोळे सोडून पाडता येतील का?” शेषेरावांनी विचारलं.

“मग हवा टोपीतूनच जाईल, साहेब. तेवढी पुरणार न्हाई.”

“तोंडाचं बघ.”

“तोंडातून हवा जाती असं दिसलं तर लोक हसतील, साहेब.”

शेषेरावांनी नकाशा उलटा करून ठेवला. मग लेखी आदेश निघाला: प्रतिमेस कोणत्याही प्रकारे छेद देऊ नये. यंत्र तापू नये यासाठी लाभार्थीने टायपिंग हळू करावे.

पंचशीला घरी आली. तिने फडकं कोमट पाण्यात बुडवलं, फोटोवर दहा मिनिटं ठेवलं आणि एका कडेने सोलून काढला. चुरगाळला नाही, फाडला नाही. आईच्या औषधांच्या फळीवर नीट ठेवला. सदतीसच्या कूलरने पहिल्यांदा श्वास घेतला. त्या दिवशी तिने एकशे चाळीस पानं उतरवली आणि यंत्र संध्याकाळी हाताला गार लागत होतं. पुढचे तेवीस दिवस एकही खंड नाही.

चोविसाव्या दिवशी तपासणी आली. शेषेराव आणि भागवत आधी शेजारी सिंधुबाईंकडे गेले. पंचशीलाही मागोमाग गेली. सिंधुबाईंचं यंत्र कपाटात, वर क्रोशाचं कव्हर, कव्हरावर प्लास्टिकचा गुलाब. कव्हर उचललं तर माननीय नव्यासारखे चकचकीत.

“यंत्र तापतंय का, बाई?”

“न्हाई बा. रोज पुसते की मी.”

“खंड किती?”

“एक बी न्हाई.”

“सिंधुकाकू, तुम्ही ते चालू कधी केलं?” पंचशीलाने विचारलं.

“अगं माय, चालू कशाला करू? बिघडलं म्हंजी?”

शेषेरावांनी समाधानाने मान हलवली. चालूच न केलेलं यंत्र मध्येच बंद पडू शकत नाही, हे नियमाला धरून होतं. तालुक्यातल्या एकसष्ट घरी हीच तऱ्हा होती. एका घरी तर डब्याचं मूळ प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, त्याला विशेष उल्लेखनीय म्हणून शेरा मिळाला. एकसष्ट जणींनी ‘तक्रार नाही’ पुढे सह्या केल्या.

मग पंचशीलाच्या घरी. फोटोविना उघडं झाकण, पंख्याची घरघर, टेबलावर नोंदवह्यांचा ढीग. भागवतने लिहिलं: प्रतिमा काढणे हा एक खंड, प्रतिमा न लावणे हा दुसरा, प्रतिमेविना यंत्र चालवणे हा तिसरा.

“सतरा अन् तीन,” शेषेराव म्हणाले. “वीस झाले, बाई. मी काहीच करू शकत न्हाई.”

“चार हजार पानं मी एकटीनं उतरवली, साहेब. बाकीच्या एकसष्टजणींनी मिळून किती?”

“तो रकाना फॉर्मात न्हाई.”

अहवाल गेला: बासष्टपैकी एकसष्ट यंत्रे पूर्णतः थंड, दोषी यंत्र परत घेतले. सोमवारी पंचशीला पुण्याच्या बसमध्ये बसली. आई फाटकाशी उभी होती आणि बस कोणत्या बाजूला गेली ते तिला कळलं नाही.

वाचकहो, हे वाचून तुम्ही शेषेरावांना हसला असाल. हसा. पण तुमच्या गल्लीतल्या शाळेत, तुमच्या गावच्या दवाखान्यात, कदाचित तुमच्याच कपाटात असं एक यंत्र कव्हराखाली गार पडलेलं आहे. तपासणीचा माणूस तुमच्याकडेही आला होता. तुम्ही त्याला चहा पाजला, कव्हर उचलून दाखवलं आणि ‘तक्रार नाही’ पुढे सही केलीत. तुमची एक सही नसती तर तिची तक्रार एकटी पडली नसती.

सही करण्याआधी तुम्ही बटन दाबून बघितलं होतं का? होय की नाही, तेवढंच सांगा.