वेणूबाईंनी यंत्र सिद्ध करून पाण्याची जागा नेमिली, त्याचे वर्तमान

श्रीगजवदनास नमन, आणि तारेतून अदृश्य वाहतो त्या अग्नीसही नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, फाल्गुन मासी डोंगरराज्यात पाणी सरले, आणि सुरुंगाची दारू एका विहिरीपुरतीच उरली, आणि जागा चुकली तर रयत उठून जाणार ऐसा प्रसंग पडला. मग राजियांनी वृद्ध गणिती वेणूबाई यांस विनविले की, जागा आपण नेमावी. बाई आधी नको म्हणाल्या. कां की वीस वर्षांमागे त्यांनीच गणित करून पश्चिमेस विहीर नेमिली, ती ठणठणीत कोरडी निघाली होती. विहिरी खणणारा रखमाजी बेलदार तेव्हा पूर्व दाखवीत होता, त्यास बाईंनी भर दरबारी गप्प केले होते. मग नवे यंत्र आणविले, आणि पडदा धुक्यातल्या तळ्यासारखा उजळला, आणि त्यावर यंत्राचा कारभार पाहणारे लिनक्स बसविले, आणि यंत्रास आज्ञा देण्याची भाषा जी पायथन, तिची स्थापना केली. बाईंच्या गणितास जुनी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांची पोथी, लागे आणि डोंगराच्या नकाशास तिचीच नवी आवृत्ती. कारभारी त्रिंबकपंत उतावळे, त्यांनी दोन्ही एकाच जागी उतरविल्या. झाले! दोन मानकरी एका पंगतीस, पहिले पान कोणाचे यावरून जेवणच राहिले. पंत म्हणाले, "जुने पुसून टाकू." बाई कडाडल्या, "पंत, हात आवरा! दोघांस वेगळी दालने द्या. एकाने लिहून ठेवावे, दुसऱ्याने वाचावे." तैसे करितांच दोघे सुखाने नांदू लागले, आणि पंतांचे तोंड पाहण्याजोगे जाहले, खोटे कशास बोला!

मग वीस वर्षांमागील गणितात जुन्या यंत्राची ताकद बेताची म्हणोन डोंगराचे जे मोठमोठे चौकोन पाडिले होते, ते मोडून बाईंनी हात हात रुंदीचे केले, आणि यंत्र तीन दिवस गुणगुणत राहिले, आणि दरबार त्या नादात पेंगुळला, आणि पडद्यावर खडकाखालून निळे पाणी हळूहळू निघाले, आणि सरकत सरकत पूर्वेस जाऊन थांबले. बाई उठोन बोलिल्या, "चूक माझी. पूर्वेस खणा." आणि पायी रखमाजीच्या दारी गेल्या, आणि म्हणाल्या, "रखमाजी, तुमचं खरं होतं." म्हातारा उंबऱ्यावर बसला, आणि म्हणाला, "बाई, तुमचं गणित ऐकलं आन् माझाच माझ्यावरला इस्वास उडाला. तवापास्नं कुणाला पाणी दावलं न्हाई." ते ऐकोन बाई रडल्या, आणि आम्हासही आवरेना. मग पूर्वेस रखमाजीने सुरुंगास बत्ती दिली, आणि चाळीस हातांवर गोड पाणी लागले.

सारांश, राज्य राहिले. रखमाजीची वीस वर्षे गेली, ती गेली. पाहिले तैसे लिहिले.