मन्मथअप्पांचे आगाऊ पेढे

आमच्या गल्लीत कुणी पेढा पुढं केला की लोक आधी अभिनंदन करत नाहीत, आधी विचारतात, "झालंय का व्हायचंय?" लातुरात दुसऱ्या कुठल्या गल्लीत ही पद्धत असेल असं वाटत नाही. आमच्यात ती पडली मन्मथअप्पांमुळं. अप्पा माझे शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि गोष्ट घडायच्या आधीच घडल्याचे पेढे वाटणारे माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ.

पहिला पेढा मी भाबडेपणानं खाल्ला. बोअरला दोन इंच पाणी लागलं, असं अप्पा म्हणाले. मी कौतुकानं बघायला गेलो तर अंगणात बोअरच नव्हता. मशिनवाला पुढच्या सोमवारी यायचा होता. तो आला, दिवसभर खडखडाट करून सगळ्या गल्लीच्या घरांत पांढरी धूळ भरून गेला, पण पाण्याचा थेंब दिसला नाही. दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. अप्पा उलट मलाच समजावायला आले, की पाणी लागलेलंच हाय, फकस्त वर यायचं राहिलंय.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका मंगल कार्यालयात भरलेल्या तीन दिवसांच्या शिबिरात. भर उन्हाळ्यात कोट घातलेल्या एका तरुणानं तिथं शे-दीडशे लोकांना डोळे मिटायला लावले आणि जे हवं ते मिळालंच आहे असं चित्र मनात धरायला सांगितलं. बाकीचे लोक शेवटच्या दिवशीचं जेवण जेवून घरी गेले आणि विसरले. अप्पांना विसरणं शक्य नव्हतं. तीस वर्षं ते वर्गात "डोळे मिटा, आधी बघा, मग काढा" हेच सांगत आले होते. एवढी मोठी विद्या आपण नुसती झोपडी, दोन डोंगर आणि मधला सूर्य काढण्यात वाया घालवली, याचंच त्यांना वाईट वाटलं.

घरात विरोधी पक्ष होता. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी गंगाबाई, जुन्या वळणाच्या. रोज पूजा, सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन, अडीनडीला नवस. या दोघांचा वाद कंपाउंडच्या भिंतीशी चालायचा आणि पंच म्हणून मला दात घासता घासता उभं राहावं लागायचं.

"प्रार्थना म्हणजे अर्ज हाय, सर," अप्पा मला म्हणायचे. "अर्ज पडून राहतो. आपलं काम म्हणजे थेट पोच."

"अर्ज कुणाच्या तरी हातात जातो," काकू तुळशीला पाणी घालता घालता म्हणायच्या. "तुमची पोच तुम्हीच लिहून, तुम्हीच सही करून, तुम्हीच घेऊन राहिलात."

मला काकूंचं म्हणणं बिनतोड वाटायचं, पण शेजारधर्म म्हणून मी चूळ भरून घ्यायचो.

मग कार आली. म्हणजे आली नाही, पण अप्पांच्या फाटकाशी जी रिकामी जागा आहे तिथं ती उभी राहायला लागली. पांढरी. अप्पा रोज सकाळी फडकं घेऊन ती पुसायचे. एकदा त्यांनी मला बोलावून माझी स्कूटर जरा पलीकडं लावायला सांगितली, कारण त्यांना दार पूर्ण उघडता येत नव्हतं. मी गणिताचा मास्तर. जी वस्तू नाही तिचं दार किती उघडतं, यावर मी त्यांच्याशी अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी स्कूटर हलवली. याहून वाईट पुढंच आहे. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन येताना मी स्वतः त्या कारला वळसा घालून घरात शिरलो. हे बायकोनं खिडकीतून पाहिलं. आजही पाहुणे आले की ती हा किस्सा त्यांना चहाबरोबर देते.

पाण्याचा प्रकार तर सगळ्या गल्लीनं पाहिला. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही कधी येईल ते पंचांगात नसतं. अप्पांनी ठरवलं की आपल्या घरी पाणी आलेलं आहे. आलेल्या पाण्याला तोटी बंद ठेवणं हा अविश्वास, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या तोट्या उघडल्या आणि नवराबायको एका लग्नाला उदगीरला निघून गेले. काकूंना तोट्यांचा पत्ता नव्हता. आणि नेमकं त्याच दिवशी पाणी आलं, एरवी कधी नसतं एवढ्या जोरात. पायऱ्यांवरून धो धो वाहणारं पाणी गल्लीतल्या बायकांनी घागरी, पातेली, पोरांच्या दप्तरातल्या बाटल्या, जे सापडेल त्यात भरून घेतलं. संध्याकाळी अप्पा परत आले तेव्हा दिवाण ओला, गाद्या ओल्या, तांदळाचा डबा तरंगत दारापर्यंत आलेला. त्यांनी फक्त माझ्याकडं वळून विचारलं, "आलं का न्हाई?"

काकू पदर खोचून फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "मी मागितलं असतं तर दोन घागरी मागितलं असतं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं सांगताना मला अजून जड जातं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनीता देगलूरला दिली आहे. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एका सकाळी अप्पा पेढे घेऊन आले आणि नातू झाला म्हणाले. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मी न विचारता पेढा खाल्ला. सुनीताला तेव्हा तिसरा महिना चालू होता. आमच्याकडं पाचवा लागेपर्यंत बाहेर कुणी ब्र काढत नाही, आणि पाळणा तर बाळ जन्मल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नाही. काकू त्या दिवशी अप्पांना जे बोलल्या ते गल्लीनं खिडक्या लावून ऐकलं. तीन आठवड्यांनी देगलूरहून फोन आला. आता काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अप्पा पुन्हा फडकं घेऊन फाटकाशी कार पुसायला उभे. मला त्यांचा राग आला. या माणसाला काळीज आहे की नाही, असं मी बायकोजवळ बोलून गेलो. मी बोलायला नको होतं.

गेल्या वर्षी काकूंनी माझ्या बायकोच्या कानात सांगितलं की सुनीताला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी अप्पांकडून पेढा नाही, चकार शब्द नाही. मुलीचा विषय निघाला की ते उठून आत जायचे. सातवा सरला, आठवा लागला, आणि एका दुपारी फोन आला की त्रास व्हायला लागल्यामुळं सुनीताला नांदेडला दवाखान्यात आणलंय. मी तोवर एक जुनी कार घेतली होती, ती काढली. अप्पा पुढं बसले, काकू मागं जप करत. अहमदपूर गेलं, लोहा आलं, अप्पा समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होते. त्यांना जरा हलकं वाटावं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, पोचलो म्हणा की आपण."

"पोचल्यावर म्हणू," ते म्हणाले.

सुनीताला आत घेतलं होतं. जावई सह्या करायला धावत होते. आम्ही तिघं बाकावर. थोडा वेळ गेला आणि काकूंनी जप थांबवला. ज्या बाईनं त्यांच्या विद्येची आजवर टिंगल केली, तीच हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी मागून राहिले. तुम्ही डोळे मिटा अन् बघा. ह्या बारीला बघा तुम्ही."

अप्पांनी मान हलवली. "दिसंना. डोळे मिटले की रिकामा पाळणा दिसून राहिलाय. दिवस गेल्याचं कळल्यापासून तेवढंच दिसतंय. म्हणून मी झोपत बी न्हाई नीट. मी बघितलं अन् ते झालं तर?"

इतके महिने हा माणूस आपले डोळे मिटू नयेत म्हणून धडपडत होता, आणि मी त्याला बिनकाळजाचा समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

काकूंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "तुमच्या बघण्यात एवढी ताकद असती तर बोअरला पाणी लागलं असतं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळचं तुमच्यामुळं झालेलं न्हाई. ऐकलं का? बघू नका. नुसते हात जोडा माझ्यासंगं. मागायला काही दिसावं लागत न्हाई."

अप्पांनी हात जोडले, उघड्या डोळ्यांनी, समोरच्या हिरव्या भिंतीकडं बघत. काय मागितलं ते ओठांवरून कळलं नाही. हात मात्र लहान मुलासारखे छातीशी घट्ट धरले होते.

तासाभरानं दार उघडलं. सिस्टर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. मुलगी झाली, आई बरी आहे, वजन कमी असल्यामुळं बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, एकदा बघून घ्या, असं तिनं घाईत सांगितलं. काकू उठल्या. जावई धावत आले. अप्पा तसेच बसून राहिले, भिंतीकडं तोंड करून, आणि त्यांनी माझी बाही पकडली.

"सर, माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई. मला नसलेलं बी दिसतं. तुम्ही बघा. हाय का?"

मी गेलो. फडक्यातून एक मूठ बाहेर आली होती, लिंबाएवढी, आणि तोंड रडण्यासाठी उघडलेलं होतं. मी अप्पांकडं वळलो.

"हाय, अप्पा."

"नीट बघितलं का?"

"नीट बघितलं. रडून राहिलीय."

तेव्हा कुठं अप्पांनी मान वळवली.