रुग्णाची ओळख गुप्त ठेवली आहे

एका तासात पाच संदर्भ. नोएमी चोकेने घरात तसं जाहीरच केलं होतं. वैद्यकीय शिक्षणाचं चौथं वर्ष, नीतिशास्त्राचा निबंध, विषय ‘रुग्णाला खरं सांगावं का’. अख्ख्या ओरुरो शहरात नेटवर आपल्याइतकं नेमकं शोधणारं दुसरं कुणी नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

*शोध: रुग्णाला सत्य सांगणे*
*निकाल: अठरा लाख*

पहिल्या लेखाचा लेखक खाली केस गळतीवरचं तेल विकत होता. दुसऱ्याला लेखकच नव्हता. तिसरा तिच्याच कॉलेजातल्या एका मुलाचा गेल्या वर्षीचा निबंध होता, आणि त्याने आधार म्हणून तेलवाल्याचं नाव दिलं होतं.

प्राध्यापक बेल्त्रान बाईंचा नियम कडक. लेखकाचं नाव हवं, नियतकालिकाचं नाव हवं, आणि छापण्याआधी दोन जाणकारांनी तपासलेलं हवं. “ज्याची जबाबदारी घ्यायला माणूस नाही, तो संदर्भ नाही,” असं त्या म्हणत, आणि असं बघत की जणू समोरचाच बेजबाबदार.

*शोध: रुग्णाला सत्य सांगणे कुटुंबाचा विरोध बोलिव्हिया*
*निकाल: चार*

चौथा लेख म्हणजे सोनं होतं. तीन डॉक्टर, नामांकित मासिक, तळटीपांची रांग. नोएमीने वरचा सारांश वाचायला घेतला.

*रुग्ण: पुरुष, वय ६१. व्यवसाय: कार्निव्हलसाठी सैतानाचे मुखवटे बनवणे. डाव्या हाताला अंगठा नाही (पत्र्याची कात्री). चागास आजारामुळे हृदय वाढलेले. खाणीतल्या मातेला तीन वर्षे नाचण्याचा नवस; दोन पूर्ण. कुटुंबाने निदान लपवून ‘गॅस’ असे सांगितले आहे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवली आहे.*

नोएमीने खिडकीतून अंगणात पाहिलं. ओळख गुप्त ठेवलेला रुग्ण डाव्या हाताच्या चार बोटांत मुखवटा धरून त्याच्या शिंगाला लाल रंग देत होता.

दहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. लहानपणी खोऱ्यातल्या मातीच्या घरात भिंतीतला किडा चावला, तो आजार आता हृदयात उतरलाय. जड मुखवटा घालून नाचले तर हृदय वाटेतच थांबू शकतं. आईने तिथल्या तिथे ठरवलं, नवऱ्याला, सेवेरोला, कळता कामा नये, धसक्यानेच जाईल माणूस. तेव्हापासून घरात फक्त गॅस होता.

“आई, बाबा छापून आलेत.”

“पेपरात? कुणाला मारलं त्यांनी?”

“डॉक्टरांच्या मासिकात. न मारता.”

आईने उभ्याउभ्या वाचलं आणि वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यावर बसली. “हे त्यांच्या नजरेला पडलं तर?”

“बाबा कशाला वाचतील असलं?”

“रोज संध्याकाळी याच यंत्रावर नाच बघतात. भलतंच काहीतरी दाबतात. परवा तासभर जपानी सुतारकाम बघत होते, आणि कौतुकही करत होते.”

*शोध: छापलेला लेख नेटवरून कसा काढावा*
*निकाल: काढता येत नाही*

मग आईने सूत्रं हातात घेतली. लॅपटॉप बटाट्यांच्या पोत्यात तळाशी गेला. तेवढ्यावर भागेना, म्हणून तिने बाबांची पत्र्याची कात्री घेतली आणि भिंतीवरून आलेली नेटची तार कापली. त्याच तारेवर शेजारच्या दोन्या साबिनाचं नेट चालायचं. ती पाचव्या मिनिटाला दारात.

“तार कुणी तोडली गं इलारिया?”

“गिनीपिगने कुरतडली.”

“छपराजवळ? उडतो का तुमचा गिनीपिग?”

हे बोलणं अंगणात ऐकू गेलं. बाबांनी कात्री शोधली, मिळाली नाही, तार पाहिली, आणि शिडी लावून वर चढले. सहाव्या पायरीवर असताना आई आणि नोएमी धावत आल्या.

“उतरा खाली.”

“का? काय झालंय मला?”

नोएमीने शिडी एका बाजूने धरली. दोन्या साबिनाने तार विसरून दुसऱ्या बाजूने धरली.

“गॅस,” आई म्हणाली. “गॅसच्या माणसाने शिडीवर चढू नये.”

“असं कुठे लिहिलंय?” बाबांनी नोएमीकडे पाहिलं. “तू डॉक्टर होतेयस ना? सांग, कुठे लिहिलंय?”

नोएमीला एकही संदर्भ सुचला नाही. बाबांनी तार जोडली, सावकाश खाली आले आणि शिडीला टेकून बराच वेळ उभे राहिले. रंग बघतोय, म्हणाले.

लेख अजून उघडतो का, हे बघायला नोएमीने लॅपटॉप पोत्यातून काढला. उघडत होता. या वेळी ती पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचत गेली. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:

*हे प्रकरण प्रसिद्ध करण्यास रुग्णाने स्वतः लेखी संमती दिली आहे. निदान त्याने पहिल्याच भेटीत विचारून घेतले होते. आपल्याला ते माहीत आहे हे कुटुंबास कळू नये, अशी त्याची विनंती आहे. कारण विचारता रुग्ण म्हणाला: “त्या दोघी मला नाचू देणार नाहीत.”*

तिने लॅपटॉप परत पोत्यात तळाशी ठेवला. रात्री जेवताना आईने बाबांसमोर गॅसची गोळी ठेवली. बाबांनी ती आज्ञाधारकपणे गिळली.

निबंध बुधवारी गेला. शेवटचं वाक्य असं होतं: ‘शरीर रुग्णाचे, म्हणून अखेरचा निर्णयही रुग्णाचा, डॉक्टरांचा नाही, घरच्यांचा तर नाहीच नाही.’ बेल्त्रान बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. इतकी स्वच्छ मांडणी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही, म्हणाल्या.

कार्निव्हलच्या शनिवारी सकाळी गल्लीत बँडवाले वाद्यं जुळवत होते. आई अंगणात बाबांच्या नाचाच्या झग्याची शिवण घालत होती. बाबा नुसत्या मोज्यांवर खोलीत आले.

“नोएमी, माझे बूट?”

“माहीत नाही.”

ती पलंगावर बसून होती. पलंगावरच्या शालीखाली उंचवटा होता, आणि नोएमी त्या उंचवट्यावर होती.

बाबांनी खुर्ची ओढली. “वाचलंस वाटतं तू.”

“वाचलं. तो अंगठा तरी कशाला छापू दिलात?”

“नाव काढलं, गाव काढलं. म्हटलं, निदान नसलेला अंगठा तरी राहू द्या माझा.” ते थोडं थांबले. श्वास घ्यायला थांबले, हे दोघांनाही कळलं. “आईला सांगितलंस?”

“नाही.”

“शहाणी आहेस. आणि निबंधात काय लिहिलंस? रुग्ण ऐकत नसेल तर काय करायचं?”

“त्याचं ऐकायचं.”

“मग?”

“ते दुसऱ्यांच्या वडिलांबद्दल आहे, बाबा.”

बाहेर ढोल सुरू झाला. आईने अंगणातून हाक मारली, झगा तयार आहे, आणि तिचा आवाज नको तितका मोकळा होता, बूट सापडणार नाहीत हे तिलाही ठाऊक असल्यासारखा.

“तीन वर्षं म्हणालो होतो मी तिला,” बाबा म्हणाले. “खाणीतल्या आईला. उड्या मारणार नाही, चालत जाईन. तू बाजूने चल हवं तर. पण आजच्या दिवसापुरता मला दुसऱ्याचा बाप समज.”

 नोएमी उठली आणि शाल बाजूला केली.

बाबांनी पाय आत घातला. “गरम आहेत,” ते म्हणाले.

“पहाटेपासून बसले होते,” नोएमी म्हणाली, आणि नाडी बांधायला खाली वाकली.