मामांच्या कानावर घातलेलं उत्पन्न

विवरणपत्र भरायची मुदत संपत आली, की बायकोचे मामा सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसत आणि घरातल्या सगळ्यांचे कर फुकटात भरून देत. म्हणजे मामा फी घेत नसत. कर ज्याचा त्यानेच भरायचा. जन्मभर करसल्लागार असलेल्या मामांचं गणित अजून पक्कं होतं, कान मात्र गेले होते. कानात यंत्र घातलं की पंखा फार घरघरतो, अशी त्यांची तक्रार असल्यामुळे यंत्र कायम खिशात. त्यामुळे माणूस सख्ख्या भावालाही जो आकडा सांगत नाही, तो या घरात बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावा लागे.

भाषांतरकार खुर्चीच्या कडेवर टेकून आपल्या पाळीची वाट पाहत होता. नोकरी सोडून तो आता वॉशिंग मशीन, इस्त्र्या आणि पाण्याचे फिल्टर यांच्या सूचनापुस्तिकांची एका कंपनीसाठी घरबसल्या भाषांतरं करायचा. ‘ओल्या हाताने बटण दाबू नये’ हे वाक्य तो झोपेतही लिहू शकला असता. "काम कसं चाललंय?" असं सासरच्या कुणी विचारलं, की "श्वास घ्यायला फुरसत नाही" असं तो सांगे. खरं तर श्वास घेऊन बराच वेळ उरत होता. आजवर बायकोच त्याचे कागद पाकिटात घालून मामांना देत असे. यंदा तिला रविवारीही ऑफिसात बोलावलं होतं. "जा की तूच. मामा काय खातात का तुला?" असं म्हणून ती निघून गेली होती.

त्याच्या आधीची पाळी साडूची होती. साडू लोकांची घरं सजवून द्यायचा. खुर्चीत ऐसपैस बसून त्याने दणदणीत आवाजात सांगितलं होतं, "नऊ लाख, मामा." मेव्हणीने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू ते लाख आत्ताच तिच्या ओटीत पडले.

"हं, जावईबापू," मामा वळले. "वर्षाचं उत्पन्न?"

"दोन लाख," भाषांतरकार पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भाजी धुणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले. मेव्हणीने मोबाइल पालथा ठेवला. भाषांतरकाराने ‘दोन’ म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण आवाज मोठा करता करता आकडाही मोठा झाला.

"अकरा लाख."

साडू खुर्चीत जरा सावरून बसला. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कंपनीच्या कागदावर तर दोनच दिसतात. बाकीचे नऊ?"

"ते... किरकोळ कामांचे. रोख," तो त्याच आवाजात ओरडला.

"रोख?" मामांचा आवाज एकदम भरून आला. "अहो, रोखीचं उत्पन्न आपण होऊन सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात निघावा. ताई, पाहिलंस का गं?"

ताईंनी म्हणजे सासूबाईंनी पाहिलं होतं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी म्हणतच होते, माणूस अबोल आहे पण पोटात पुष्कळ आहे. मग न्हाणीघराच्या गळतीचा खर्च धाकट्या जावयांच्या गळ्यात कशाला टाकायचा? थोरले आहेत की."

"हो हो, थोरल्यांचा मान," साडू घाईघाईने म्हणाला.

"आणि आगाऊ कर भरलेला दिसत नाही," मामा पडद्यावर बोट ठेवत म्हणाले. "म्हणजे वर व्याज आलं. पण तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसाला त्याचं काय."

आता खरं बोलावं, की घरी जाऊन एकटं असताना मरावं, याचा प्रामाणिक माणूस विचार करत असतानाच दार उघडलं आणि बायको आत आली.

"ताई, अकरा लाख," मेव्हणीने तिला चप्पल काढायलाही वेळ दिला नाही. "भाऊजींचे. आणि त्यातले नऊ रोख. बोलली नाहीस ती कधी."

बायको हसली नाही. ती घराचं भाडं भरत होती. दाढेवर टोपी बसवायचा खर्च पुढे ढकलत होती आणि त्यामुळे किती तरी दिवस एकाच बाजूने चावत होती. तिने पर्स खाली ठेवली. एरवी त्याला ‘तू’ म्हणणारी ती हळूच म्हणाली, "अहो, मला एकदा सांगायचं तरी. मी मागितले नसते."

आतापर्यंत भाषांतरकाराला गरीब असल्याची लाज वाटत होती. आता श्रीमंत असल्याची वाटू लागली आणि ती फारच जड होती. तो उठला, मामांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "मामा, दोनच लाख. बाकीचे नऊ नाहीत."

"नाहीत म्हणजे? बँकेत नाहीत?"

"कुठेच नाहीत."

"खर्च झाले?"

"आलेच नाहीत."

"मग सांगितले कशाला?"

"लाज वाटली."

"काय वाटलं?"

"लाज, मामा, लाज!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडल्याचा आवाज आला. सासूबाई पुन्हा भाजीकडे वळल्या. न्हाणीघर आता गळतच राहणार होतं. मेव्हणीला अचानक चहाची आठवण झाली. मामांनी शांतपणे नऊ लाख खोडले.

"मग कर शून्य," ते म्हणाले. "उलट कंपनीने कापून घेतलेला तुम्हाला परत मिळेल. नसलेल्या पैशांवर कर भरणार होतात होय?"

बायकोने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "पी आधी. घसा बसला असेल तुझा," ती म्हणाली. तोंड तिने दुसरीकडे फिरवलं होतं. पण खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती एवढं त्याला कळलं.

तोंड लपवायला तो गॅलरीत गेला. मागोमाग साडू आला, त्याने दार ओढून घेतलं आणि वाळत घातलेल्या चादरीच्या आडोशाला उभा राहिला.

"साडूभाऊ, एक विचारू? एकदा भरलेलं विवरणपत्र मागाहून दुरुस्त करता येतं का हो?"

"कुणाचं?"

साडूने चादरीचं टोक उगाच सरळ केलं. "आता, सासरच्यांसमोर, बायकोसमोर माणूस काय सांगणार? एकदा नऊ म्हणून बसलो. पुढच्या वर्षी कमी कसे सांगायचे? मग दरवर्षी नऊच. कर भरायला कर्ज काढलंय."

भाषांतरकाराने आत बोट दाखवलं. "अहो, मग मामांनाच विचारा की."

"तेच म्हणतोय," साडू त्याचा हात धरून काकुळतीने म्हणाला. "तुम्हीच ओरडा ना माझ्या वतीने. तुमची लाज काय, आता जाऊन झालीय."